अर्धा श्वास

स्कॅनच्या खोलीत टेक्निशियन म्हणून मला बावीस वर्षं झाली. काचेपलीकडून माणसांची फुप्फुसं-आतडी बघून डोळे इतके सरावलेत की सहसा काही वाटत नाही. त्या क्लॅरिनेटवाल्या काकांच्या वेळी मात्र वाटलं.

काका साठी उलटलेले, अंगाने काटकुळे. उभा जन्म बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकण्यात गेलेला. यकृत आधीच निबर झालेलं, त्यात बोराएवढी कॅन्सरची गाठ निघाली. पोट उघडलं तर यकृत तग धरणार नाही, असं सर्जननी सांगून टाकलं. राहिला एकच मार्ग. स्कॅनमध्ये बघत बघत बरगड्यांमधून बारीक सुई गाठीत न्यायची आणि तिच्या टोकाच्या उष्णतेने गाठ जागच्या जागी जाळायची.

अडचण एवढीच होती की गाठ अगदी वर, छातीच्या पडद्याला चिकटलेली, आणि त्या पडद्यापलीकडे हृदय. त्यात यकृत दर श्वासाला बोटभर खाली-वर होतं. म्हणजे सुई पुढे सरकवताना प्रत्येक वेळी श्वास नेमका तेवढाच धरायला हवा. ते सहसा कोणाला जमत नाही. कोणी जास्त घेतं, कोणी कमी, आणि गाठ चित्रातून गायब होते.

आदल्या दिवशी, सुई घालणार होत्या त्या डॉक्टरबाईंनी काकांना श्वास धरायचा सराव करायला सांगितला, तेव्हा काकू शेजारीच होत्या. घरात यांना कधी दम धरता आला नाही, तिथे काय धरणार, म्हणाल्या. काका नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी काका टेबलावर पडले. जागा बधिर केली, गुंगीचं औषध अगदी बेताचं दिलं. मी माइकवरून म्हटलं, "श्वास घ्या. अर्धा सोडा. धरा."

चित्र आलं. सुई अर्धा इंच पुढे गेली. पुन्हा श्वास, पुन्हा चित्र. गाठ तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच, केसभरही हललेली नाही. मी चुकून आधीचंच चित्र लावलं की काय, म्हणून कोपऱ्यातली वेळ तपासली. चित्र ताजं होतं.

डॉक्टरबाईंचा हात क्षणभर थांबला. "काका," त्या हळूच म्हणाल्या, "आणखी दोनदा. असाच."

पाचव्या चित्रात सुईचं टोक गाठीच्या बरोब्बर मधोमध होतं. आठ मिनिटं उष्णता दिली. काकांचा उजवा खांदा ठणकत होता. छातीच्या पडद्याजवळचं दुखणं खांद्यात उमटतं. त्यांनी ओठ आवळून ते सोसलं. शेवटच्या चित्रात गाठीच्या जागी काळा गोल होता, चारी बाजूंनी गाठीहून मोठा. म्हणजे गाठ पुरती जळाली होती.

वॉर्डात काकूंनी सदरा वर करून पाहिलं. नखाएवढी पट्टी. दुसऱ्या कुशीवरही बघितलं, काही राहून गेलंय का म्हणून.

तीन महिन्यांनी काका पुन्हा स्कॅनला आले. गाठीचा मागमूस नव्हता, काळा गोलही आक्रसला होता. यकृत मात्र निबर ते निबरच. दर तीन महिन्यांनी यावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या परवानगीने मी काकांना स्क्रीनसमोर बसवलं आणि एकेक चित्र पुढे सरकवलं. छातीच्या पडद्याची कमान, यकृत, त्यात झाडासारख्या फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या.

काका बराच वेळ बघत राहिले.

"एवढं सगळं माझ्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि पुढचं चित्र लावलं.