फुकटचा दुसरा बेस

पूर्वी नावाची पोरगी धावायला लागली की सारसोळ्याच्या खाडीला भरती येऊन ओहोटी लागते, पण ती काही पहिल्या बेसला पोचत नाही, असं तिच्याच टीममधल्या मुली म्हणायच्या. यात थोडी अतिशयोक्ती आहे. ओहोटी पुरती लागलेली नसायची.

तिचा मामा प्रितम हाच टीमचा कोच. दिवसा तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, संध्याकाळी नेरूळच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवणारा. भाचीचे लाड करतो असं कुणी म्हणू नये, म्हणून तो तिला सगळ्यांत शेवटी, नवव्या नंबरला बॅटिंगला पाठवायचा. तीही इमानेइतबारे जायची आणि पहिल्या बेसच्या वाटेवर आऊट होऊन परत यायची. दुसऱ्या बेसला तिचा बूट जन्मात कधी लागला नव्हता.

फायनलच्या आधी मात्र तिला एक नियम सापडला. आजी बायजा स्वयंपाकघरात तिसऱ्या धूत बसली होती. पूर्वीनं त्यातल्या चार शिंपल्या उचलल्या आणि लादीवर मैदान मांडलं.

"बघ आजी, सात इनिंग झाल्या आणि तरी बरोबरी राहिली की टायब्रेकर. मग पुढची इनिंग सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या बेसवर एक रनर उभी करतात. फुकट! मारायचं नाही, धावायचं नाही."

"आनी उबी कोनला करतान?"

"मागच्या इनिंगमध्ये जी शेवटी बॅटिंगला आली होती तिला. म्हणजे सातवी इनिंग माझ्यावर संपली, की मीच!"

"तुझ्यावर तं सगल्याच संपतान," बायजा म्हणाली आणि दुसऱ्या बेसची शिंपली पातेल्यात टाकली.

दारात उभा असलेला प्रितम पोट धरून हसला. पूर्वीनं त्याला विचारलं, "मामा, खरंच तसं झालं तर मी उभी राहणार ना?"

"तूच. नियमच आहे तसा."

आता नशीब म्हणा की आणखी काही, झालं अगदी तसंच. फायनल नमिता मॅडमच्या टीमशी. सात इनिंग झाल्या, दोन्ही टीमचे दोन-दोन रन. सातव्या इनिंगला प्रितमच्या टीममधली शेवटची आऊट कोण? पूर्वी. अंपायर हौसेराव मैदानाच्या मधोमध आला. तो साताऱ्याकडचा, मार्केटात माथाडी, सुट्टीच्या दिवशी अंपायर. हा गडी 'आऊट' म्हणून ओरडला की खाडीतले फ्लेमिंगो उडतात आणि अर्धे तर परत येतच नाहीत.

"टायब्रेकर!" तो गरजला. "रनर लावा दुसऱ्या बेसला!"

पूर्वी आधीच उठली होती. हेल्मेट घातलेलं, हनुवटीखालचा पट्टा आवळलेला, बुटांच्या नाड्यांना दोन-दोन गाठी. तिच्या शेजारी दिशा बसली होती. दिशा धावली की तिची सावली मागे राहायची आणि धापा टाकत नंतर पोचायची. प्रितमनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. एक रन. फक्त एक रन हवा होता.

"दिशा, जा."

"मामा, माझा नंबर आहे," पूर्वी हळूच म्हणाली.

"तू बस गं. पाणी पी."

ती बसली. आणि मामानं सांगितलं म्हणून पाणीपण प्यायली.

हेल्मेटात सगळ्या पोरी सारख्याच दिसतात. हौसेरावच्या लक्षात आलं नाही, नमिता आपल्या पिचरला काहीतरी सांगण्यात गुंतली होती, आणि स्कोरर प्रमुख पाहुण्यांसाठी चांगली खुर्ची शोधत होता. पहिल्या मुलीनं बंट मारला, म्हणजे बॅट नुसती टेकवून बॉल पुढ्यातच टाकला, आणि दिशा तिसऱ्या बेसला गेली. दुसरीनं लांब उंच मारला, कॅच झाला, पण तेवढ्यात दिशा होमवर, म्हणजे 'घरी' येऊन पाणी मागत होती. तीन-दोन. मग नमिताच्या टीमनंही आपली रनर दुसऱ्या बेसवर उभी केली, नियमाप्रमाणे जी यायची तीच. ती तिसऱ्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. संपलं.

मुलींनी प्रितमला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि वजन बघून त्याच्याऐवजी पाण्याचा जार उचलला. प्रमुख पाहुणे अजून वाशीच्या ट्रॅफिकमध्ये होते. तोवर वडापाव आले. प्रितमनं एक घास घेतला आणि उरलेला शेजारच्या मुलीला दिला, कागद तेवढा समोर राहिला.

बायजा पदर सावरत आली. "काय र प्रितम, आमची पूर्वी का नाय उबी राह्यली? तिचीच बारी व्हती ना?"

त्यानं तोंड उघडलं, पण पूर्वीच आधी बोलली. "आजी, मामा विसरला गं. एवढ्या टेन्शनमध्ये कुणाला आठवतं?" आणि तिनं आपल्या वडापावमधली तळलेली मिरची काढून त्याच्या कागदावर ठेवली. मामाला मिरची आवडते, हे तिला माहीत होतं.

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. त्या मिरचीनं मात्र, खाल्ली नाही तरी, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कागद तसाच ठेवून तो उठला आणि हौसेरावकडे गेला. नमिताही तिथंच चहा पीत उभी होती.

"टायब्रेकरला मी चुकीची रनर लावली," प्रितम म्हणाला. "पूर्वीचा नंबर होता. मी दिशाला पाठवलं. मुद्दाम."

नमिताचा कप हवेत थांबला. "मुद्दाम? वा रे वा, कोच!"

"आम्हाला बाद करा. कप यांना द्या."

हौसेरावनं कान खाजवला. "तसं न्हाय हुत, मास्तर. चुकीची रनर हाय असं खेळ चालू असताना कळलं, तर बदलायची. दंड बिंड काय नसतोय त्याला. आन आता तर म्याच संपली."

"म्हणजे काहीच शिक्षा नाही?"

"नियमात तर न्हाय. तुमाला हवीच आसंल तर बघा कोन देतंय का."

प्रितम वळला. मागे पूर्वी उभी होती, हातात तो मिरचीचा कागद.

"विसरला नव्हतास?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं कागदाची घट्ट घडी केली आणि खिशात टाकली. हेल्मेट उचललं, डोक्यात घातलं आणि तरातरा मैदानात चालू लागली. तिला तरातरा चालताना कुणी पाहिलंच नव्हतं. बेस उचलणारा माणूस दुसऱ्या बेसवर वाकला होता, त्याच्या हाताखालीच ती जाऊन उभी राहिली.

"मामा!" तिथून ती ओरडली. "बॅट घे. मला घरी आण."

"मी टाकते बॉल," नमिता बाह्या सरसावत म्हणाली. एके काळी ती पिचर होती, आणि हात अजून काही विसरला नव्हता. दिशानं कॅचरचं ग्लव्ह चढवलं. हौसेराव मास्क लावून मागे उभा राहिला, जणू इतका वेळ तो याचीच वाट बघत होता.

पहिला बॉल प्रितमला दिसलाच नाही, फक्त ग्लव्हमध्ये आदळलेला ऐकू आला. दुसऱ्याला त्यानं बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेतली. पूर्वी दुसऱ्या बेसवर वाकून, एक पाय पुढे काढून तयार होती. तिसरा बॉल तर सारसोळ्याला जाऊन चहा पिऊन परत आला असावा, एवढा उशीर प्रितमची बॅट फिरायला लागला.

"आऊऽऽट!" उरलेसुरले फ्लेमिंगोही उडाले.

पूर्वी सरळ झाली. घरी आणणारं कुणी नव्हतं. प्रितमनं मान वर केली नाही.

मग दुसऱ्या बेसवरून पावलं आली, हळूहळू, नेहमीच्या चालीनं. पूर्वीनं त्याच्या हातातली बॅट काढून घेतली.

"आता पुढची इनिंग, मामा. मागच्या इनिंगला शेवटी बॅटिंगला कोण आलं होतं?"

"मी," प्रितम म्हणाला.

"मग जा. दुसऱ्या बेसवर उभा राहा. नियमच आहे तसा."

तो गेला. सगळ्या मुली, नमिता, बायजा, आणि एवढ्यात हार घालून घेण्याच्या तयारीनं गाडीतून उतरलेले प्रमुख पाहुणे, सगळे बघत असताना दुसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. बेस पायाखाली एवढासा होता. नमिता बॉल घेऊन सज्ज झाली.

"टाकू का गं?" तिनं विचारलं.

"थांबा मॅडम," पूर्वी बॅट खाली ठेवत म्हणाली. "त्याला उभा राहू दे तिथं. मी जरा बसते, पाणी पिते."