गप्प बसवलेलं इंजिन

मी एका जुन्या मोटारीचं इंजिन बोलतोय. बोलतोय म्हणजे खडखडतोय, आणि वयाच्या मानानं जरा जास्तच. लोक माझ्यावर झाकण टाकून गाणी लावतात. म्हणून म्हटलं, आपली कहाणी आपणच सांगून टाकावी.

कारखान्यातून निघालो तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! आतले भाग असे नेटके बसवलेले की मधे केसाएवढीही जागा नाही. तिथं शिरायला पातळ तेलच हवं. मालकांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि माणूस भलता शिस्तीचा. दर रविवारी तेलाची पट्टी काढायचे, पुसायचे, पुन्हा बुडवून खूण बघायचे. माझ्या तब्येतीची एवढी चौकशी तुम्ही कधी केली नाहीत, असं मालकीणबाई त्यांना ऐकवायच्या.

मग व्हायचं ते झालं. लाखावर लाख किलोमीटर पळून मी आतून झिजलो, रबरी सील कडक झाले आणि मी तेल प्यायला लागलो. सुरू केलं की आतून टिकटिक आणि मागून निळसर धूर. तरी मालकांचा हट्ट एकच, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घालायचं. एके दिवशी दुकानात एका म्हाताऱ्याचे डोळे तपासताना मालकांचं मालकांनाच सुचलं, की साठीच्या माणसाला आपण विशीतल्या नंबरचा चष्मा देतो का? तडक जाऊन त्यांनी जुन्या इंजिनांसाठीचं, किंचित दाट आणि सील मऊ ठेवणारं तेल आणलं. मला हायसं वाटलं. धूर कमी झाला, टिकटिक तेवढी राहिली.

पण लोकांना नंबर काढून देणाऱ्या मालकांचीच नजर अधू झाली. एकदा एक सायकलवाला माझ्यापुढून थोडक्यात वाचला. त्या दिवशी मालकांनी किल्ली ठेवली ती ठेवलीच, आणि मला विकायचं ठरलं.

घ्यायला येणार होत्या एक नर्सबाई. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघायचं, अडलेल्या बाळंतिणीकडे धावायचं, असं त्यांचं काम. हे कळल्यावर मालकिणीचा भाऊ एक डबा घेऊन उगवला. आतलं तेल काकवीसारखं घट्ट. हे ओता, भावजी, महिनाभर चूं करणार नाही, तोवर गाडी त्यांची झालेली असेल, असं तो म्हणाला. मालक नको-नको करत राहिले, पण मेहुण्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यानं माझं जुनं तेल काढलं आणि डबा रिकामा केला.

भर दुपारी नर्सबाई आल्या. मी तापलेला होतो. टिकटिक नाही, धूर नाही, लाडक्या जावयासारखा शहाणा झालो होतो. मला स्वतःचीच लाज वाटत होती. नर्सबाई खूश झाल्या. म्हणाल्या, आधीची गाडी एकदा पहाटे सुरूच झाली नाही, मी पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. आता घेईन ती पहिल्या किल्लीला सुरू होणारीच.

मेहुणा तोंडभर हसत कागद पुढे सरकवत होता. मालकांनी त्यावर हात ठेवला.

"ताई, सही करू नका. याच्या तोंडात आम्ही बोळा कोंबलाय. उद्या पहाटे या, गार असताना ऐका."

मेहुणा पाय आपटत निघून गेला. माझाही जीव धसकला, कारण नर्सबाईंनी नाकारलं की माझी रवानगी भंगारातच होणार होती.

पहाटे थंडी मी म्हणत होती. किल्ली फिरली आणि मी नुसता कण्हलो. ते घट्ट तेल तळाशीच बसलं, वरच्या भागांपर्यंत चढेचना. कसाबसा सुरू झालो तर कोरड्या धातूचा असा खणखणाट, की नर्सबाईंनी कान झाकले. मालकांनी मला लगेच बंद केलं. ते घाण तेल काढून टाकलं आणि माझं नेहमीचं भरलं. मग पुन्हा एक रात्र मला थंड होऊ दिलं.

दुसऱ्या पहाटे पहिल्या किल्लीला लागलो. टिकटिक होती, थोडा धूरही होता. मालकांनी तो बोटानं दाखवला आणि महिन्याला किती तेल पितो तेही सांगितलं.

नर्सबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. "काका, दुखतं म्हणून सांगणारा पेशंट मला परवडतो. घेते मी."

त्यांनी मालकांना दुकानापर्यंत सोडलं. इतक्या वर्षांत मालक पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसले होते. दुकान आलं तरी उतरले नाहीत. नर्सबाईंनी घाई केली नाही. मग उतरून मालकांनी बॉनेटवर हात ठेवला, आणि पत्रा गरम आहे याचंही त्यांना भान नव्हतं.

आता मी नर्सबाईंच्या दारात असतो. झिजलोय आणि फार दिवस उरले नाहीत, हे मला ठाऊक आहे. एवढंच मागतो, की माझ्यासारख्या म्हाताऱ्यात तेल घालाल तर त्याला चालता यावं म्हणून घाला. काल पहाटे बोलावणं आलं. आम्ही वेळेत पोचलो. खडखडत दारात उभा राहिलो आणि आतून बाळाचं रडणं ऐकलं.