समाधानाची अट

अनीस शेठनी पथारीवर वाळत घातलेली एक मिरची उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि पुन्हा खाली टाकली. बी वाजलं नव्हतं.

"भिला, हाई आजून वली शे. आखो दोन उन्हं लागतीन."

"शेठ, तुमना कान शे का वजनकाटा?" रनाळ्याचा भिला, त्यांचा जुना हमाल, हसत म्हणाला.

"काटा खोटं बोलस. कान नही."

शेठ मिरची वाळवायच्या त्या मैदानाच्या, पथारीच्या, कडेला असलेल्या पत्र्याच्या ऑफिसात आले. मंतशा, त्यांची मोठी मुलगी, हिशेब बाजूला सारून कादंबरी वाचत बसली होती. त्यांनी आपला मोबाइल तिच्यापुढे सरकवला. चष्मा घरी विसरण्याची त्यांना सोयीची सवय होती.

"लिही बेटा. उमाकांत, ओल्या मालाचं वजन आणि सुकल्यावरचं वजन एकाच पानावर दिसू दे. दोन-दोन पानं उलटायला मी काय वकील आहे?"

तिने लिहिलं. वकील गाळला.

"वकील लिहिलंस?"

"लिहिलं."

उमाकांत धडगावकडचा. पथारीपासून लांब, शहाद्यात खोली घेऊन एकटाच सॉफ्टवेअरची कामं करायचा. पथारीवर आलेला माल, सुकून गेलेला माल आणि मधली घट यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम तो शेठना करून देत होता. पोराचं मन कामात राहू दे म्हणून पैसे शेठनी आधीच पूर्ण दिले होते. करारात त्यांनी फक्त एक अट घालायला लावली, आणि ती मंतशाने नेटक्या मराठीत लिहिली होती: 'अनीस शेठ यांनी आपले समाधान झाल्याचे स्वतः कळवल्यावरच काम पूर्ण समजावे.'

दुसऱ्या दिवशी शेठ फजरच्या नमाजासाठी उठले. वुजूचे हातपाय धुऊन मोरीच्या उंबऱ्याशी टेकले, ते तिथेच गेले.

घरी येणाऱ्यांना काही सांगावं लागलं नाही. बातमी कळूनच ते आलेले असायचे. मंतशा मान हलवायची. बँकेतून शेठना विचारणारा फोन आला तेव्हा तिने तो धाकट्या भावाच्या, वसीमच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात अब्बांच्या मोबाइलवर निरोप आला. 'चाचा, दोन्ही वजनं एकाच पानावर आणली. बघून कळवा.'

तिने बघितलं. हवं तसंच झालं होतं. तरी तिने लिहिलं, 'अक्षर मोठं कर.'

त्याने केलं. 'घट लाल रंगात नको.' त्याने रंग बदलला. 'नवा माल वर दिसू दे, जुना खाली.' प्रत्येक वेळी पलीकडून 'हो चाचा' यायचं, आणि तेवढ्यापुरतं घरात कुणीतरी चाचा असायचं.

एके दिवशी 'हो चाचा' आलं नाही. आलं ते असं, 'हे करारात नव्हतं.'

तिने लिहिलं, 'करारात माझं समाधान आहे.'

सोमवारी दुपारी उमाकांत मोटारसायकलवरून थेट पथारीवर आला. हातात करार होता.

"चाचा कुठेत, ताई?"

"इथे नाहीत."

दारातल्या भिलाने तिच्याकडे पाहिलं. "ताई, मी चहा लयी येस," म्हणून तो वळला.

"मग तुम्हीच तोडगा काढा," उमाकांत म्हणाला. "पुरुषोत्तमनगरला एका पतसंस्थेचं काम मिळतंय. उद्या आधीचं काम पूर्ण केल्याचं पत्र दाखवायचंय, आणि माझ्याकडे दाखवायला एवढं एकच काम आहे. तेही गेलं तर खोली सोडून गावी जायचं."

"पत्र मी देते."

"पण इथे 'स्वतः' लिहिलंय. कोण्या वकिलाने लिहिली ही अट, कोण जाणे."

"मी लिहिलीय."

तो ओशाळला. मंतशाने कोरा कागद ओढला, काम पूर्ण व समाधानकारक झाल्याचं लिहिलं, 'अनीस शेठ यांच्या वतीने' म्हणून सही केली आणि वर शिक्का मारला. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"चालेल. त्यांना एवढं पुरेल."

भांडण मिटलं होतं. तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

"एक बोलू ताई? राग मानू नका. आख्खे पैसे आधी हातात ठेवणारा शेठ मी पहिल्यांदा पाहिला. शहाद्यात ज्याला-त्याला सांगायचो, व्यापारी असावा तर असा. आता कळलं, आधी पैसे देऊन माणसाला बांधून घ्यायची ही रीत आहे. अक्षर बदल, रंग बदल, वर-खाली कर. पुढे कुणी विचारलं तर मी हेच सांगणार."

तो बाहेर पडला. गाडीला किक बसली. मंतशा खुर्ची मागे सारून उन्हात आली. चहाचे पेले घेऊन येणारा भिला जागीच थांबला.

"उमाकांत! गाडी बंद कर."

त्याने बंद केली.

"अक्षर, रंग, ते वर-खाली, यातलं अब्बांनी काही सांगितलं नाही. ते मी लिहिलं. त्यांच्या फोनवरून."

"तुम्ही? कशाला पण? आणि चाचांनी लिहू दिलं?"

तिने ओढणी डोक्यावर नीट घेतली.

"अब्बा वारले, उमाकांत."