पट एकेचाळीस

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे, आणि आता तर पुरता फळाही उरलेलो नाही. बुधाजी सुताराने माझी उजवी बाजू करवतीने कापून काढली. उरलेला मी परळच्या एका चाळीत, दार आणि फडताळ यांच्यामधल्या भिंतीवर टांगलेला आहे. कापताना दुखलं का, असं विचाराल तर नाही. दुखलं ते त्याआधी, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म लालबागच्या एका सुतारशेडमध्ये झाला. जाड सागवानी फळ्या, वर काळ्या रंगाचे तीन हात. शाळेत मला भिंतीवर चढवलं त्याच दिवशी एका पेंटरने माझ्या डाव्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटने चार शब्द लिहून टाकले: वार, दिनांक, पट, हजर. गणितं पुसली जायची, सुविचार पुसले जायचे, चुका तर पहिल्यांदा पुसल्या जायच्या. हे चार शब्द मात्र कायमचे. पट म्हणजे वर्गात नाव असलेली सगळी मुलं आणि हजर म्हणजे त्यांतली आज आलेली. प्रार्थना झाली की त्यांच्यापुढे खडूने आकडे पडायचे आणि मगच माझा दिवस सुरू व्हायचा.

तेव्हा गिरण्या चालू होत्या. शाळा दोन पाळ्यांत भरायची, एका बाकावर चौघं दाटीवाटीने बसायची आणि माझा पट सत्तरीच्या पुढे असायचा. तपासणीला आलेले साहेब ‘फळा छान ठेवलाय’ म्हणून गेले की मी आठवडाभर फुगून बसत असे. मग गिरण्या बंद पडल्या. कुणी गावी गेलं, कुणी बदलापूरकडे सरकलं, कुणाची मुलं इंग्रजी शाळेत गेली. पट उतरत उतरत चाळिशीवर आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बाई आणि गुरुजी चाळी पालथ्या घालून एकेका मुलासाठी आईबापांच्या विनवण्या करू लागले. एक मूल मिळालं की पेढे वाटायचे. एका मुलाची किंमत ठाऊक असलेल्या त्याच शाळेत पुढचं घडलं, म्हणून मला ते आजही कळत नाही.

हर्षवर्धन माझ्यासमोरच शिकला. डस्टर नेम धरून मारण्यात तो पटाईत होता, माझ्या कपाळावर त्याची खूण होती. त्याचे वडील नाना गिरणीकामगार. गिरणी बंद पडली, घरात चणचण झाली, तरी नानांनी पोराची शाळा सोडवली नाही. आज त्याच गिरणीच्या जागेवर काचेची इमारत उभी आहे आणि हर्षवर्धन तिथल्या एका कचेरीत हिशेब बघतो. त्याने आपली मुलगीही आमच्याच शाळेत घातली. तिचं नाव संघमित्रा.

संघमित्राला जन्मापासून थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटलात जाऊन बाहेरचं रक्त चढवून घ्यावं लागतं. तो दिवस जवळ आला की तिचा चेहरा उतरायचा, जिना चढताना ती मध्येच थांबायची. परत आली की गाल टवटवीत. अक्षर तर इतकं सुरेख, की चौथीत वर्गशिक्षिका परुळेकर बाईंनी माझं काम तिच्याकडेच सोपवलं. रोज सकाळी ती मला स्वच्छ पुसायची, टाचा उंचावून कोपऱ्यात आकडे लिहायची आणि एक पाऊल मागे सरून बघायची. पट एकेचाळीस. माझ्या आयुष्यात इतक्या मायेने तो आकडा कुणी लिहिला नव्हता.

त्याच वर्षी नवे मुख्याध्यापक आले आणि हजेरीचे नवे नियम आले. हजेरी ठराविक टक्क्यांखाली गेली तर परीक्षेला बसता येणार नाही. मूल आलं नाही की आईबापांच्या मोबाईलवर मेसेज जाणार. आजारपण असेल तर डॉक्टरांचं पत्र हवं. संघमित्राचा आजार जन्मभराचा, पण पत्र दर वेळी नवं लागायचं, आणि त्या पत्रासाठी तिच्या आईला रक्ताच्या रांगेनंतर पुन्हा वेगळ्या रांगेत उभं राहावं लागायचं.

पालकसभा माझ्याच वर्गात भरली. वर्गातल्या अनिशचे बाबा म्हणाले, गणपतीत लालबागचे रस्ते बंद असतात, पोरगं वळसा घालून थोडं उशिरा पोचलं तर अख्खा दिवस गैरहजर कसा? शिमग्याला कोकणात जाणाऱ्यांची वेगळीच कुरकुर होती. मुख्याध्यापकांचं सगळ्यांना एकच उत्तर, नियम म्हणजे नियम. मग संघमित्राची आई प्रिती उठली. एरवी ती मोजकंच बोलणारी.

“सर, मी तिच्या उशाशी बसलेली असते. तिच्या हातात सुई असते. आणि मोबाईलवर तुमचा मेसेज येतो, पाल्य गैरहजर आहे, कारण कळवा. दर वेळी काय कळवू मी?”

मुख्याध्यापक म्हणाले, तो मेसेज मशीन पाठवतं, मनाला लावून घेऊ नका. सभा संपल्यावर एक बाई प्रितीला सांगत होत्या, की त्यांची ठाण्याची बहीण मुलांना घरीच शिकवते आणि मुक्त शाळेच्या परीक्षेला बसवते. कुणी विचारत नाही, कुठे होतास आणि का आला नाहीस. प्रितीने ते दोनदा विचारून घेतलं.

आणि मग ढाल आली. महिनाभर ज्या वर्गात एकाचाही खाडा होणार नाही त्याला संस्थेकडून पितळी ढाल मिळणार होती. ती फळ्याच्या वर टांगायची, म्हणून माझ्या डोक्यावर खिळासुद्धा ठोकला. मुख्याध्यापक रोज फेरीला येऊन फळ्यावरचे आकडे टिपून घ्यायचे. आमच्या वर्गाचा खिळा रिकामाच राहायचा. मुलं वाईट नव्हती हो. पण महिना संपला की सगळ्यांच्या माना संघमित्राच्या बाकाकडे वळायच्या. तिच्या शेजारी बसणाऱ्या नूपुरने एकदा अगदी भाबडेपणाने विचारलं, “रविवारी नाही का गं रक्त चढवत?” संघमित्राने ते खरोखरच घरी विचारलं. रविवारी तो विभाग बंद असतो.

पावसाळा सरल्यानंतरच्या एका महिन्यात आमच्या वर्गातल्या कुणाचाच खाडा झाला नव्हता. फक्त संघमित्राचा रक्ताचा दिवस यायचा होता. तो आला. त्या दिवशी आकडे लिहायला परुळेकर बाई स्वतः उठल्या. खडू पटाच्या पुढे नेऊन त्या जरा थांबल्या. मग लिहिलं, पट चाळीस, हजर चाळीस. मुख्याध्यापक येऊन टिपून गेले, पट एकाने कसा उतरला ते त्यांनी विचारलं नाही. महिनाअखेरीची ढाल आता आमचीच, असं बाईंनी सांगितल्यावर मुलांनी बाकं वाजवली. मला त्या चाळीसची खाज सुटली होती, पण फळ्याला स्वतःचं पुसता येत नाही.

मला पुसणारी नव्हती, म्हणून त्या दिवशी मी तसाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संघमित्रा सगळ्यांच्या आधी आली, टवटवीत. डस्टर घेतलं आणि कोपऱ्याशी येऊन उभी राहिली. हजरचा आकडा तिने वाचला, पटाचा वाचला, पुन्हा वाचला. मग तिने सबंध फळा पुसला, तो कोपरा सगळ्यात शेवटी. तेवढ्यात बाई आत आल्या.

“बाई,” तिने खडू हातात धरून विचारलं, “आज पट किती लिहू?”

बाईंनी खाली बघितलं. “एकेचाळीस लिही बाळा,” त्या म्हणाल्या. तिने लिहिलं. त्या दिवशी एक पाऊल मागे सरून तिने बघितलं नाही.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर प्रिती आली. परुळेकर बाई रडायच्याच बाकी होत्या. मुलं संघमित्राला टोमणे मारायला लागली होती, एकदा ढाल मिळाली की तिचं नाव निघायचं बंद होईल, एवढंच मनात होतं, असं त्या सांगत राहिल्या. ते खरं होतं, मी साक्षी आहे. प्रितीने सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या मनात वाईट नव्हतं, बाई. पण पोरगी काल जेवताना मला विचारते, मी शाळेत गेले नाही तर सगळ्यांचं बरं होतं ना, आई? तिला मी काय सांगू?”

बाईंनी उगीचच माझ्याखालची खडूची भुकटी हाताने झाडली. महिना संपला आणि ढाल माझ्या डोक्यावर चढली. मित्रांनो, तिच्याइतकं जड ओझं मी कधी वाहिलं नाही.

चौथीचा निकाल लागला. सुट्टीत वर्गावर्गांत फळ्यांच्या जागी चकचकीत डिजिटल पडदे आले आणि मला काढून मागच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे ठेवलं. जूनमध्ये हर्षवर्धन संघमित्राचा दाखला काढायला आला, ती त्याच्याबरोबर होती. जिन्याखाली तिला माझा पिवळा कोपरा दिसला. आपला फळा म्हणून तिने बापाचा हात ओढला. शाळेने मला हसत हसत देऊन टाकलं, तेवढीच अडगळ गेली. हर्षवर्धन आणि त्याचा एक मित्र मला डोक्यावर घेऊन मसाल्याच्या गल्लीतून निघाले आणि मिरच्यांच्या खकाण्याने दोघं घरापर्यंत शिंकत आले.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दाखला काढला हे नानांना मुळीच रुचलेलं नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्याखाली ते बसले होते.

“सूनबाई, माझ्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसवायचे. आत यायला आपल्याला पिढ्या लागल्या. आणि तू आपल्या हातानं पोरीला बाहेर काढलीस?”

“आत बसवून मोजली नाही तिला, नाना,” प्रिती म्हणाली. “मग आत असून काय उपयोग?”

नानांना ते पटलं नव्हतं. मला टांगायला जागा पुरेना, तेव्हा बुधाजी सुताराला बोलावलं. कुठली बाजू कापू, असं त्याने विचारलं आणि उत्तर नानांनीच दिलं. शब्दांची बाजू ठेव, म्हणाले. त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याकडे पाठ करून जेवत असत.

घरची शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. प्रिती दुपारनंतर औषधांच्या दुकानात कामाला जाते, सकाळ तिची मोकळी. अपूर्णांक भाकरीवर शिकवले, वजनमाप मसाल्याच्या दुकानात. दमली की पोरगी झोपते, उठली की पुन्हा पुस्तक घेते. हॉस्पिटलात सुई लावलेली असली तरी दुसऱ्या हाताने धडा वाचते. मोबाईल वाजत नाही, पत्र मागायला कुणी नाही. प्रितीच्या कपाळावरची आठी गेली. रोज सकाळी ती माझ्या कोपऱ्यात हौसेने लिहायची, पट एक, हजर एक. “बघा नाना, शंभर टक्के,” म्हणायची.

पण शाळा जवळच आहे, तिची घंटा खोलीत ऐकू येते. घंटा झाली की संघमित्राची पेन्सिल थांबायची. मधल्या सुट्टीच्या घंटेला ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. नूपुर सुरुवातीला दोनदा येऊन गेली, मग तिचा स्कॉलरशिपचा क्लास सुरू झाला. बाकी कुणी आलं नाही. संघमित्राने कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला फार लागायचं. वर्गात कलकल असायची तेव्हा मी वैतागायचो. त्या खोलीतल्या शांततेत मला ती कलकल आठवून रडू येई.

एके दिवशी प्रिती न्याहारीत गुंतली होती म्हणून आकडे संघमित्राने लिहिले. पट एकेचाळीस, हजर एक. प्रितीने हात पुसत वाचलं आणि म्हणाली, “चुकलं गं. पट एक लिही.”

“नाही चुकलं,” ती म्हणाली. “बाकीचे आले नाहीत, आई. नाही आले म्हणून काय पटावरून काढायचे?”

तिच्या आवाजात राग नव्हता. नेहमीसारखी ती एक पाऊल मागे सरली आणि तिने आपलं अक्षर बघितलं. प्रिती डस्टर हातात घेऊन तशीच खाटेवर बसली. नानांनी चष्मा काढला आणि ते गॅलरीत गेले. ज्यांनी तिला वगळून ढाल मिळवली, त्यांतल्या एकालाही त्या पोरीने वगळलं नव्हतं. त्या दिवसापासून पट एक असं या घरात कुणी लिहिलेलं नाही. प्रिती स्वतःसुद्धा एकेचाळीसच लिहिते. आकडा लिहून झाला की ती थोडा वेळ दाराबाहेर बघते. पुन्हा शाळेत घालावं का, असं तिने हर्षवर्धनला एकदा विचारलं. नियम बदललेत का, त्याने विचारलं. बदललेले नाहीत.

परवा संघमित्राचा रक्ताचा दिवस होता. तिघं सकाळीच हॉस्पिटलात गेले. घरात नाना आणि मी. शाळेची घंटा झाली तसे नाना उठले. आजवर त्यांनी खडूला हात लावला नव्हता. त्यांनी वार लिहिला, दिनांक लिहिला आणि पटाशी येऊन थांबले. त्यांनी नीट गोल अक्षरात एकेचाळीस लिहिलं आणि हजरच्या पुढे शून्य. मग दाराकडे तोंड करून ते नातीची वाट बघत बसले.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. कापलेल्या बाजूने वाळवी शिरली आहे. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही, फळे येतात आणि जातात. पण तुमच्या वर्गात एखादा बाक रिकामा दिसला, तर तो कुणाचा आहे ते विसरू नका. संध्याकाळी त्या घरी जाऊन या, आज काय शिकवलं ते सांगा. हजरचा आकडा कमी होऊ दे, त्याने काही बिघडत नाही. पटाचा कमी करू नका.