मांजर मारलं तर पाप लागतं म्हणे

मी वाघजाईच्या टेकडीवरची शेवटची उंदरीण बोलतेय. उंदीर म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. तुमच्या माळ्यावरची पोती कुरतडतात ते वेगळे. आम्ही पांढऱ्या पोटाचे, आखूड शेपटीचे, गवताचं बी खाऊन राहणारे. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ही टेकडी आधी नुसती टेकडी होती. माथ्यावर वाघजाई देवीचं देऊळ होतं, खाली गाव होतं, शेतं होती. मग धरण झालं, पाणी चढलं आणि गाव बुडालं. आमच्यातले जे जीव घेऊन वर पळाले तेवढेच वाचले. टेकडीचं बेट झालं आणि आमची जात जगात फक्त इथंच उरली. हे मला आईनं सांगितलं, आईला तिच्या आईनं.

बेटावर भीती होती ती फक्त घारीची. म्हणून आम्ही वर बघायला शिकलो. मागं वळून बघायचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मागून येणार होतं तरी कोण?

माणसांपैकी आम्हाला ठाऊक होती ती तानुबाई. बुडालेल्या गावातल्या गुरवांची सून. निम्मं गाव सांगलीकडं आष्ट्याच्या बाजूला जमिनी घेऊन गेलं, निम्मं इथंच काठावर वर सरकलं. तानुबाई देवीपायी काठावरच राहिली. दर मंगळवारी तिचा मुलगा नाथाजी तिला नावेतून आणायचा. पूजा झाली की ती देवळाबाहेरच्या दगडावर मूठभर भात ठेवायची आणि म्हणायची, लेकरांनो, खावा. मी लहान असताना तिच्या पायाला पाठ घासत भात खाल्लाय. खोटं कशाला बोलू, फार जीव होता माझा तिच्यावर.

तर ह्याच तानुबाईच्या घरी एक मांजरी होती. शिंक्यावरचं दूध पिऊ लागली, कोंबडीची पिल्लं उचलू लागली. मारावी तर पाप. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणे! वेशीबाहेर सोडली तर दुसऱ्या दिवशी चुलीपाशी हजर. शेवटी नाथाजीनं तिला पोत्यात घातलं आणि नावेत टाकलं. पाणी ओलांडून काही ती परत यायची नाही.

तानुबाईनं स्वतःच्या हातानं पोत्याचं तोंड सोडलं. "वाघाची मावशी तू, वाघजाईपाशीच ऱ्हा बाई," ती म्हणाली. "आमच्या हातनं पाप नगं." मग तिनं पाण्यात हात धुतले. मांजरी गाभण होती.

गावाला ही युक्ती लय आवडली. मग काय, ज्याच्या घरी मांजर जड झालं तो नाथाजीकडं पोतं घेऊन यायला लागला.

आम्ही पळालोसुद्धा नाही हो! माझा भाऊ तर कोण पाहुणा आलाय म्हणून हुंगायला पुढं गेला. एकदा मी बी घेऊन परत आले, तर बीळ उकरलेलं आणि माझी चारही पिल्लं गेलेली. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांचे.

मांजरीवर माझा राग नाही. तिला भूक लागली, तिनं खाल्लं. माझा राग आहे तो तुमच्या त्या धुतलेल्या हातांवर. एक मांजर मारायला तुमचा हात धजत नाही, आणि आमची अख्खी जात संपवताना पापपुण्य आठवलंसुद्धा नाही. का? आमच्या नावानं कुठं सोन्याचा उंदीर द्यावा लागत नाही म्हणून?

परवा मंगळवारी तानुबाई आली. मी देवीच्या पाषाणाखालच्या फटीत होते. तिनं भात ठेवला, हाका मारल्या. एक बोका आला आणि भात खाऊन गेला.

"नाथा, माझी लेकरं कुठं गेली रं?" तिनं विचारलं.

"गेली असतील दुसरीकडं," नाथाजी म्हणाला. तिला ते पटलं.

दुसरीकडं! अरे, तुमचं गाव बुडालं तेव्हा तुम्हाला दुसरीकडं होतं. कुणाला आष्टा होता, कुणाला काठ होता. आम्हाला कुठलं? ज्या पाण्यामुळं मांजर तुमच्याकडं परत येत नाही, तेच पाणी आमच्या चारी बाजूंना आहे. एवढं साधं तुमच्या ध्यानात येऊ नये?

मग तिनं सोबत आणलेलं पोतं सोडलं आणि ती पाण्याकडं गेली.

माझ्यासाठी आता काही मागायचं राहिलं नाही. जोडीदार नाही, पोर नाही, रात्री फटीबाहेर पंजे फिरतात. पुढच्या मंगळवारी भात आणू नको, तानुबाई. खाणारं कुणी नसेल. हात मात्र चांगले चोळून धू. पाणी भरपूर आहे.