साहेबांची गोळी

साहेब म्हणजे घरातला कुत्रा. वय झालेलं, हृदय थकलेलं, पण तोरा असा की घरातली तिघं त्याच्या पदरी नोकरीला आहेत. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी रोज सकाळी एकदाच. दोनदा गेली तर धोका, चुकली तरी धोका.

आणि या घरात प्रेम उतू जात होतं, तीच पंचाईत. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "दिली का कुणी?" आणि उत्तर यायच्या आत लोण्यात गोळी दाबून मोकळी व्हायची. चष्म्यांचं दुकान उघडायला निघालेले बाबाही जाता जाता तेच करायचे. साहेब दोघांकडचं लोणी खायचे आणि तोंडातून ब्र काढायचे नाहीत. एकदा जिन्यातच कोसळले, तेव्हा कुठे भानगड उघडी पडली.

लेक प्रोग्रामर. ती म्हणाली, "विचारणं आणि देणं यांत फट राहते ना, तिथंच घोळ होतो. आमच्या प्रोग्राममध्येही असंच होतं, एकच काम करायला त्याचे चार भाग एकदम धावतात." मग तिने नियम घातला. रात्री एकच गोळी वाटीत काढून ठेवायची. वाटी रिकामी दिसली की दुसरी गोळी काढायची नाही.

नियम छान चालला. मग एका सकाळी तिनेच वाटीतली गोळी उचलली आणि ऑफिसचा फोन आला. तिथला सगळा प्रोग्राम बंद पडला होता. ती तशीच धावली.

चूक सापडायला दुपार झाली. प्रोग्राम सुरू होताना काही तयारी एकदाच करायची होती. प्रोग्रामचा जो भाग ती हाती घ्यायचा, तो आधी 'झालं' अशी खूण करायचा आणि मग कामाला लागायचा. बाकीचे खूण बघून बिनधास्त पुढे जायचे आणि अर्धवट तयारीवर तोंडघशी पडायचे. हा कोड तिचाच होता.

"खूण काम संपल्यावर करायची," ती शेजारच्याला सांगत होती, "आणि तोवर बाकीच्यांनी थांबायचं." बोलता बोलता तिचा हात खिशात गेला. गोळी तिथेच होती.

घरच्या वाटीनेही सकाळीच 'झालं' म्हणून सांगितलं होतं. फोन काढला तर तो आवाज बंद करून ठेवलेला, आणि आईबाबांचे कॉलवर कॉल.

ती धापा टाकत घरी पोचली. साहेब जाजमावर आडवे, जोरजोरात श्वास घेत. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, बाहेरचे कपडे घालून जमिनीवर बसलेले.

"वाटी रिकामी," आई म्हणाली, "पण तू दिलीस की नाही, कळेना. दुसरी द्यावी तर भीती, निघून जावं तर जीव होईना. बसलो मग."

लेकीने लोण्यात गोळी दाबली. साहेबांनी ती गिळली, आणि आणखी लोणी आहे का म्हणून तिची बोटं चाटली. तिला रडूच फुटलं.

"बाबा, दुकान बंद ठेवलंत? तुम्ही तर तापातही उघडता."

बाबांनी साहेबांच्या छातीवरचा हात काढला नाही. "दुकान कुठे पळून चाललंय," ते म्हणाले. "हा गेला असता तर?"