अक्षता टाकणारा हात

मार्गशीर्षातली दहिवरस्नात सकाळ. टेकडीवरल्या वैद्यकीय महाविद्यालयावर केशरी, कोवळं, क्षमाशील ऊन. ते काचेतून आत आलं, फिनेलच्या आणि वितळत्या मांसाच्या वासाला अडखळलं, आणि जिथे पडू नये तिथेच पडलं: पोलादी चौकटीत बसवलेल्या, कोपरापासून कापलेल्या एका हातावर.

मेणवर्णी हात. हिमनिद्रेतून ओढून काढलेला, कडांना ओशट ओलावा सुटलेला. मनगटाच्या आठही हाडांत बारीक धातूचे मणी पेरलेले. स्नायूंच्या दोऱ्यांना तारा, तारांना मोटर. दोन बाजूंना क्ष-किरणांचे दोन निर्निमेष डोळे. कोणतं हाड किती कलतं, कुठे सरकतं, कुणाआड लपतं, ते आता दशांश अंशापर्यंत कळणार होतं. विज्ञान थोरच. थोरवीला वास येतो, एवढंच.

आज यंत्राचं उद्घाटन. म्हणून समई, म्हणून सनईची ध्वनिफीत, म्हणून देहदात्यांच्या नातलगांना शाल-श्रीफळ. त्यांत नारायणराव खांबेटे. पत्नीच्या देहदानाच्या वेळी त्यांनी एकच मागितलं होतं, तिची विटंबना होऊ नये. "छे छे, काका!" असं उत्तरही तत्परतेनं मिळालं होतं.

विभागप्रमुख डॉ. रणदिव्यांना मात्र पहाटे एक कल्पना सुचली. कल्पना अशाच येतात, जुलाबासारख्या.

"सर, तळव्यावर अक्षता?" यंत्र चालवणाऱ्या मुग्धा सोनटक्केनं विचारलं.

"अहो, मागे कलायचं, पुढे झुकायचं, हीच मनगटाची नैसर्गिक गती! पाहुण्यांना आलेख काय कळणार डोंबल? अक्षता कळतात."

मोटर गुरगुरली. हात मागे कलला, पुढे झुकला. कुंकुमरंगी तांदूळ उडाले, प्रमुख पाहुण्यांच्या टकलावर विसावले. पडद्यावर ती आठ हाडं एकमेकांना खेटत सरकत होती, फोटोसाठी दाटीवाटीनं उभ्या राहिलेल्या वऱ्हाडासारखी.

"मेलेल्याचा आशीर्वाद! हे पहिल्यांदाच हो!" पाहुणे हसले. पाहुणे हसले म्हणून सगळे हसले. हसण्यालाही ओशट ओलावा सुटला.

नारायणराव हसले नाहीत. त्या मनगटाच्या वर हिरवट गोंदण होतं: तुळशीची फांदी, एका बाजूला पान नसलेली. सुईला भिऊन लहानगी शालिनी गोंदणारणीपुढून पळाली होती; ते पान राहूनच गेलं. त्या पानावरून त्यांनी तिला संसारभर चिडवलं होतं.

ते उठले. व्यासपीठावर चढले. नुकतीच मिळालेली शाल अंगावरून काढून त्यांनी हातावर घातली. निजलेल्यावर घालतात तशी, कडा खोचून.

"काका, शाल काढा! मोजमाप बिघडेल!"

"तिला थंडी सोसत नाही, डॉक्टर."

शालीवर त्यांनी तळवा ठेवला. खाली हात कलत होता, झुकत होता. कलत होता, झुकत होता. तान्ह्याला थोपटावं तसा, न थकता, न थांबता. मग मुग्धानं बटण दाबलं. हात एकदा झुकला, आणि तळव्याखाली निजला. पाहुण्यांच्या टकलावरचा एक लाल दाणा तेवढा हलला, घरंगळला, फरशीवर पडला.